रेघ कुठवर आली

भिंतीला ओल येणं ही माझ्या मते घरातल्या माणसांच्या आळसाची खूण असते. नळ गळतो, कुणी बघत नाही. गच्चीला भेग पडते, कुणी बुजवत नाही. मग भिंत फुगते आणि सगळे नशिबाला बोल लावत बसतात. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि मापात न बसणारे बाजूला काढायचे, हे माझं काम. त्यामुळे आमच्या मारुंजीच्या घरात ऐन मे महिन्यात आप्पांच्या खोलीला ओल दिसली, तेव्हा मी आधी शेखरवर, म्हणजे नवऱ्यावर चिडले. बाथरूमच्या पाइपचं काम त्यानेच कुणा ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात उरकून घेतलं होतं.

पण ओल अशी नसते. ती खालून चढते किंवा वरून झिरपते, आणि वेडीवाकडी पसरते. ही चक्क रेघ होती. माझ्या कमरेच्या थोडी वर, चारी भिंतींवर सलग, खिडकीपाशी तुटलेली आणि पलीकडे पुन्हा सुरू झालेली. रेघेखालची भिंत गडद, वरची स्वच्छ. हात लावला तर खालचीही कोरडीच लागायची.

आप्पांचा पलंग त्या रेघेखाली होता.

आप्पा म्हणजे माझे सासरे, ज्योतीराम. मूळचे बीडकडचे. टँकर आला की गावभर धावाधाव, हंड्यासाठी भांडणं, आणि विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणं, ह्यात त्यांची उमर गेली. आम्ही जागा बघायला आलो तेव्हा मी आणि शेखर हिंजवडी किती जवळ, बस कुठून मिळते, असलं बघत होतो. आप्पा तडक मागच्या बाजूला गेले आणि ओढा बघत उभे राहिले. ओढा कसला, साबणाचा फेस आणि पिशव्या घेऊन चाललेलं काळपट पाणी. पण उन्हाळ्यात वाहत होतं. आप्पांचे डोळे भरून आले.

"घर हितंच," ते म्हणाले. "पाठीला पानी हाये. आनखी काय पायजे माणसाला?"

घरांचं काम तेव्हा सुरू व्हायचं होतं. ओढ्याच्या काठाने एक ओळ बंगल्यांची होणार होती आणि आमच्या प्लॉटच्या अगदी मधोमध, एका करंजाखाली, साती आसरा होत्या. शेंदूर फासलेले ओळीने मांडलेले सात दगड. पाण्याच्या देवता त्या. गावच्या जुन्या नकाशात निळी पूररेषाही नेमकी त्या दगडांवरून गेलेली होती. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नाही, इतका सरळ नियम आहे तो. आम्हाला दाखवलेल्या नव्या नकाशात मात्र रेषा खाली, पार कुंपणाच्या मागे गेली होती. मी विचारलं, मोजलं कुणी? बिल्डरचा माणूस म्हणाला, "रेषा सुधारलीय मॅडम. सगळं पास आहे." कुंपणाबाहेर त्या रेषेच्या खुणेचे, निळ्या डोक्याचे खांबही रोवलेले होते. शेखरने माझ्याकडे असं बघितलं की मी नकाशा घडी घालून परत दिला.

कागदावरची रेषा हलवायला कुणाचा हात कापला नाही, पण दगड हलवायला कुणी तयार होईना. जेसीबीवाला मशीन बंद करून निघूनच गेला. तेव्हा आप्पा पुढे झाले. त्यांचे पाय तेव्हा धड होते. त्यांनी उपास धरला, सातही जणींची ओटी भरली आणि एकेक दगड छातीशी धरून, वरच्या रस्त्यालगत बांधलेल्या टाइल्सच्या देवळात नेऊन ठेवला. रेषा माणसांनी खाली सरकवली, देव आप्पांनी वर नेले. मध्ये आमची घरं उभी राहिली. आसरांच्या मूळ जागेवर जी खोली आली, ती आप्पांनी स्वतःसाठी मागून घेतली.

वर्ष सरायच्या आत त्यांचा डावा पाय गेला. डॉक्टर म्हणाले, पॅरॅलिसिस. सुई टोचली तरी त्या पायाला कळत नाही. तेव्हापासून ते त्या खोलीत पडून असतात, आणि ओढ्याचा आवाज ऐकत खूश असतात.

तर, ओल. मी काळेवाडीहून रहिमानभाईंना बोलावलं. वॉटरप्रूफिंगमध्ये त्यांचं नाव आहे, आणि बोलणं कमी. त्यांनी भिंत ठोकली, नखाने खरवडली, वास घेतला.

"पाइप नाही गळत ताई," ते म्हणाले. "वास बघा."

मी नाक लावलं. गाळाचा वास येत होता, पाणी ओसरल्यावर नदीकाठाला येतो तो.

"शेजारी आहे का असं?" त्यांनी विचारलं.

शेजारी होतं. ओळीतल्या सगळ्या घरांत होतं. कुणी कपाट सरकवून झाकलं होतं, कुणी नवा रंग मारला होता आणि रंगावर रेघ पुन्हा उमटली होती. लोक शहाणे असतात. घराचा भाव पडेल म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

गवंडी लेव्हल काढायला पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी वापरतात. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, त्यावरून खुणा करतात. रहिमानभाईंकडे ती होती. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि आम्ही दुपारभर ह्या घरातून त्या घरात फिरलो. घरांची जोती वेगवेगळ्या उंचीची; कुणाकडे रेघ गुडघ्याला, कुणाकडे छातीला. मला वाटलं होतं, नळी लावली की सगळ्या रेघा एका पातळीत येतील. तशा त्या आल्या नाहीत. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत रेघ थोडी थोडी उतरत गेली होती, जिकडे ओढा वाहतो तिकडे.

मी पुन्हा मोजायला लावलं. तेच आलं. त्याचा अर्थ मला कळत होता. साचलेलं पाणी सपाट असतं. उतार फक्त वाहत्या पाण्याला असतो. आमच्या बंद घरांमधून, भिंतींची पर्वा न करता, काहीतरी वाहत होतं.

रहिमानभाई नळी गुंडाळत म्हणाले, "काळेवाडीत आमच्या गल्लीत ही रेघ मी लई वेळा पाहिलीय ताई. नदी घरात येऊन जाते ना, त्यानंतर पडते. तुमच्याकडं आधीच पडलीय." त्यांनी आप्पांच्या खोलीकडे हात केला. "बाबांना वर न्या. मी ह्यावर केमिकल मारणार नाही. मारून उपयोग नाही, अन् मला भीती वाटते."

धंदा नाकारणारा कारागीर मी पहिल्यांदा बघितला. चहाही न घेता, नळी आमच्याकडेच विसरून ते गेले.

संध्याकाळी मी एकटीच नळीचं एक टोक आप्पांच्या खोलीतल्या रेघेशी पातळी जुळवून दाराच्या कडीला बांधलं आणि दुसरं वरच्या रस्त्यापर्यंत नेलं. का नेलं, सांगता येत नाही. अर्धवट मोजून सोडायची मला सवय नाही. नळीतलं पाणी जिथे थांबलं ती उंची देवळातल्या ओट्याची होती. बरोबर आसरांच्या पायाशी.

देवळात गोजाबाई बसली होती. मारुंजीच्या ज्या घराने ही जमीन विकली त्या घरातली ही म्हातारी. दर मंगळवारी दहीभाताचा नैवेद्य आणायची. मी नळी धरून उभी राहिलेली तिने बघितली आणि ओळखीचं काही दिसावं तशी मान हलवली.

"पातळी बघती व्हय बाय?" ती म्हणाली. "बराबर हाय. पानी हितंवर येनार."

"कशावरून मावशी?"

"अगं, त्ये येतंय कशाला? ह्यांच्या पाया पडाया. दर पावसात येतंय, पाया पडतंय, माघारी जातंय. आमच्या सासऱ्यानं कंदी ह्यांच्या खाली खुरपी मारली न्हाई, वर खुशाल घर बांधलं. तुमी ह्यांना हितं आनून बसिवलं. मंग पान्यानं काय करावं? त्याला पाया पडाया हितंवर यावं लागंल का न्हाई?"

ती रागावलेली नव्हती. बस कुठे थांबते ते सांगावं तसं तिने सांगितलं. मला रागावलेली परवडली असती.

"मग आम्ही परत खाली ठेवतो," मी म्हणाले.

"तुमी न्हाई. ज्यानं उचलल्या त्यानंच ठिवाव्या. दुसऱ्याचा हात त्या मानत न्हाईत." नैवेद्याची वाटी पदराखाली घेऊन ती उठली. "म्हाताऱ्याला सांग. पाऊस लागायच्या आत सांग."

मी घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते घाबरतील, निदान गंभीर तरी होतील. ते हसले. इतके मनापासून हसले की त्यांना ठसका लागला.

"अगं विजू, मपल्या गावाकडं सगळ्यांना ठाव हाये. देवी जिकडं नेली, पानी तिकडं जातंय. आमच्या थोरल्यांनी आसरा आटलेल्या हिरीवरून उचलून गावात आणल्या होत्या. पानी काय आलं न्हाई तो भाग येगळा. हितं येतंय म्हन्तीस, तर मग मपलं काम झालं की."

"आप्पा, तुम्ही झोपता तिथे तुमच्या डोक्यावरून जाईल ते."

"पान्यावाचून मेलेली माणसं मी बघितलीत. पान्यानं मेलेलं एक न्हाई बघितलं," ते म्हणाले आणि उजवा हात भिंतीवर, रेघेखाली ठेवला. माझा हात कोरडा राहिला होता त्याच भिंतीवर. त्यांनी तळवा माझ्यापुढे धरला तेव्हा मनगटावरून पाणी ओघळत होतं.

मला त्यांचा इतका राग आला की मी रडले. हा माणूस लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मी तापात पडले असताना, शेखर ओव्हरटाइमला अडकला म्हणून रात्रभर माझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसला होता. माझ्या वडिलांनी जे केलं नसतं ते त्याने केलं. त्याला मी भिंतीला देणार नव्हते. पण दगड त्याच्याच हाताने हलायला हवे होते, आणि त्याचा हात काही उठत नव्हता.

पुढचे दोन महिने मी रोज त्या खोलीचा केर काढला. पलंगाच्या पायांना काडीकचरा अडकलेला असायचा. गवताच्या काड्या, चिंध्या, पिशवीचे तुकडे, सगळे एकाच बाजूने, प्रवाहात झुडपाला अडकतात तसे. खिडक्या बंद असायच्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या धोतरांच्या घड्यांत बारीक शिंपले निघाले. शेखरला दाखवले तर म्हणाला, दिव्याने आणले असतील. दिव्या आमची मुलगी, पाच वर्षांची. तिला शिंपला म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. शेखर वाईट नाही. ज्या गोष्टीवर पाना चालत नाही ती गोष्ट त्याला दिसत नाही, एवढंच.

श्रावणात पाऊस लागून राहिला. धरणातून पाणी सोडणार म्हणून सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज फिरू लागले. आमचा ओढा ज्या नदीला मिळतो ती तुडुंब भरली की त्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. मी सकाळच्या शिफ्टला निघताना शेखरला बजावलं, काहीही कर, आज आप्पांना वर ने. त्यांची उचलबांगडी करायची झाली तरी कर.

दुपारी त्याचा फोन आला. "नेलं वर. आले बिचारे, कटकट न करता." मशीनच्या आवाजातही त्याचा आनंद कळत होता. मी मोजत असलेला भाग खाली ठेवून, कित्येक दिवसांनी डबा पूर्ण खाल्ला.

परतताना कंपनीच्या बसने आम्हाला मोठ्या रस्त्यावरच उतरवलं. पुढे सखल भागात पाणी साचलं होतं. मी गुडघाभर पाण्यातून चालत आले. ओळीतली सगळी माणसं घरं बंद करून वरच्या रस्त्यावर, देवळासमोरच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी होती. सामान, कुत्री, पोरं. उंचावर आहोत म्हणून सगळे निवांत होते. कुणीतरी भजी तळायला घेतली होती.

मी घरात शिरले. ओढा मागच्या दारापर्यंत आला होता, आत अजून नव्हता. आप्पांच्या खोलीत बघितलं आणि जिवाला बरं वाटलं. भिंती कोऱ्या होत्या. रेघ नव्हती, वास नव्हता, पलंगाच्या पायाला एक काडी नव्हती. गेलं संकट, म्हटलं. जिना चढताना मी चक्क गुणगुणत होते.

वरच्या खोलीच्या दारात मी थांबले.

आप्पा खिडकीजवळच्या दिवाणावर टेकून बसले होते. खाली गादीवर दिव्या झोपली होती. शेखर पुस्तकांच्या फळीपुढे उभा राहून, केलेल्या कामाकडे बघावं तसा बघत होता. फळीवरची पुस्तकं काढलेली होती आणि तिथे ओळीने साती आसरा मांडलेल्या होत्या.

"ऐकतच नव्हते," शेखर म्हणाला. "म्हणाले, त्यांना खाली ठेवून मी वर कसा बसू? मग म्हटलं, घ्या त्यांनाही. चाकाच्या खुर्चीवरून देवळापर्यंत नेलं. त्यांनीच मांडीवर घेतल्या, त्यांनीच मांडल्या. बघ किती खूश आहेत."

मी फळीच्या खालची भिंत बघत होते. आणि शेजारची. आणि खिडकीपलीकडची. फळीच्या बरोबरीने, चारी भिंतींवर सलग, रेघ उमटली होती.

कंपनीत माझं डोकं मापांवर चालतं आणि तेव्हाही ते त्याच सवयीने चाललं. ही उंची पहिल्या मजल्याची. म्हणजे रस्ता ह्याच्या खाली. देऊळ खाली. ते पार्किंग, ती पोरं, ती भजीची कढई, सगळं खाली. वर न्यायला कुणाला कुठे जागाच उरली नव्हती.

"शेखर, दिव्याला उचल," मी म्हणाले.

त्याने तिला उचललं आणि तसाच थबकला. "हिचे केस कशाने भिजले?"

दिव्याच्या केसांतून पाणी टपकत होतं. गादी कोरडी, उशी कोरडी, फ्रॉक कोरडा. तिने डोळे उघडले, खोकली, आणि झोपेतच म्हणाली, "आई, मला तळ सापडत नव्हता."

आप्पांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ज्याची आनंदाने वाट बघितली तोच पाहुणा दारात यावा आणि त्याच्या हातात कोयता दिसावा, तसा तो चेहरा झाला. उजवा हात पुढे करून त्यांनी दिव्याचे केस चाचपले, मग बोटं नाकाशी नेली. गाळाचा वास मला तिथवर आला.

"मला खाली न्या," ते म्हणाले.

शेखरने विचारलं, "कुठे?"

"मपल्या खोलीत. त्यांच्या जागेवर. बिगी बिगी चला." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "विजू, मी पानी मागितलं होतं गं. पोरगी न्हवती दिली त्याला."

खाली स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येऊ लागला होता. मागच्या दाराच्या फटीतून पाणी आत येऊन डबे हलवत होतं. मी दिव्याला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवून हलू नकोस म्हटलं. आम्ही दोघांनी आप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक दगड फळीवरून उचलून मांडीवर घेतला. सात दगड आणि एक म्हातारा, इतकं वजन असायला नको होतं. जिन्यावर शेखरला दर दोन पायऱ्यांनी खुर्ची टेकवावी लागत होती, आणि तो कंपनीत दिवसभर लोखंड उचलतो. खुर्चीतून पाणी ठिबकत होतं, वरून खाली, पायरी पायरीवर.

खोलीत आलो तेव्हा स्वयंपाकघर घोट्याच्या वर भरलं होतं आणि पाणी उंबरठा ओलांडत होतं. पलंग आम्ही लाथेनेच बाजूला सारला. आप्पांना जमिनीवर बसवलं. ते निर्जीव पाय ओढत, ढुंगणावर सरकत, फरशीवरची जागा हाताने चाचपत होते.

"करंजाचं खोड हितं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. "थोरली हितं."

त्यांनी पहिला दगड ठेवला. मग दुसरा. तोंड ओढ्याकडे. घाई होती, तरी प्रत्येकीला टेकवल्यावर ते कपाळ लावत होते. पाणी त्यांच्या डाव्या पायाशी आलं, पायाला वळसा घालून पसरलं. शेखर माझा दंड इतका घट्ट धरून उभा होता की पुढे आठवडाभर तिथे निळं पडलं होतं. आप्पांनी शेवटचा दगड ठेवला आणि हात जोडले.

पाणी दगडांना लागलं. आम्ही बघत होतो. सातही दगडांच्या पायाशी ते एका सरळ रेषेत थांबलं, आतून कुणी हात आडवा धरावा तसं. वर चढलं नाही, पुढे आलं नाही. बाहेर पाऊस चालूच होता, ओढा गर्जत होता, आणि आमच्या फरशीवर ते पाणी जराही न हलता उभं राहिलं. मग मागे सरायला लागलं. उंबरठ्यापलीकडे गेलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांना घेऊन, मागच्या दाराने, आलं तसं गेलं.

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले होते. मग म्हणाले, "गार लागलं."

"काय आप्पा?"

"ह्या पायाला." त्यांनी डाव्या पायावर हात ठेवला. "गार लागलं, विजू."

शेखर रडायला लागला. पाय परत आला असं त्याला वाटलं. मलाही तेच वाटलं होतं. मी त्यांचा पाय पदराने पुसायला घेतला.

त्याला आता वर्ष होत आलं. ओळीतल्या सगळ्या भिंती कोऱ्या आहेत. लोकांनी कपाटं पुन्हा होती तिथे सरकवली आणि दोन घरं विकलीही गेली. कागदावरची निळी रेषा अजून कुंपणाच्या मागेच आहे. मी तीनदा अर्ज दिले, प्रत्येक वेळी सांगितलं की बघतो. आम्ही मात्र नियम पाळतो. ती खोली आम्ही सोडली, स्वयंपाकघर वर नेलं, आणि मागची भिंत रहिमानभाईंकडून पाडून घेतली. ह्या कामाला ते लगेच आले. गोजाबाई मंगळवारी सरळ मागच्या बाजूने आत येते, नैवेद्य ठेवते, जाते. आप्पांकडे ती बघत नाही.

आप्पा वर असतात, खिडकीशी. पाय काही चालता झाला नाही. सुई टोचली तरी अजून कळत नाही. पण त्या दिवशी मी पदराने पुसलेला तो पाय पुसला गेलाच नाही. घोट्यापाशी, पाणी लागलं होतं त्या उंचीवर, एक रेघ राहिली. रेघेच्या खालचं कातडं गडद आणि ओलं. मी मोजे बदलते, टॉवेलने कोरडं करते, पावडर लावते. सकाळी मोजा पुन्हा भिजलेला असतो, आणि पिळला की गाळाचा वास येतो. डॉक्टरांनी मलम दिलं आहे.

दिवाळीत रेघ घोट्याच्या वर होती. आता ती पोटरीवर आहे.

आप्पांना त्याचं काही वाटत नाही. दिव्या शेजारी बसून चित्रं काढते, ते तिच्या कोरड्या केसांवरून हात फिरवतात. सकाळी मी मोजा काढायला बसले की ते विचारतात, "रेघ कुठवर आली?" रोज विचारतात, दूध आलं का विचारावं तसं.

माझ्या पर्समध्ये कायम स्टीलची पट्टी असते. दिवसभर मी तिने जगाची मापं काढते. त्या पायाला मी ती अजून एकदाही लावलेली नाही.

"आहे तिथेच आहे आप्पा," मी सांगते, आणि कोरडा मोजा चढवते.